बारा पोरांना रसायनं खायला घालून अमेरिकेत भेसळविरोधी कायदा आणणारा माणूस : हार्वे वायली

बी. फार्म. झालेल्या पोराला कंपनीत नोकरी लागते. गावाकडे कोणी विचारलं, काम काय करतो, की तो सांगतो आरएमध्ये आहे. आरए म्हणजे काय हे समोरच्याला कळत नाही, त्याला ते दोन वाक्यांत सांगता येत नाही, आणि मग विषय थेट पगारावर जातो.

तर आरए म्हणजे रेग्युलेटरी अफेअर्स. औषध बाजारात आणायचं तर सरकारची परवानगी लागते आणि परवानगी मिळवायची तर कागद लागतात. ते कागद जुळवणारं, लेबलवरची प्रत्येक ओळ नियमात बसते का हे बघणारं आणि सरकारने काढलेल्या शंकांना उत्तरं देणारं हे खातं. सुरुवात ट्रेनीपासून होते. मग ऑफिसर किंवा एक्झिक्युटिव्ह, मग सीनिअर एक्झिक्युटिव्ह, पुढे असिस्टंट मॅनेजर. कंपनीगणिक पदांची नावं बदलतात, काम तेच राहतं. टेबलाच्या पलीकडे सरकारची माणसं असतात. आपल्याकडे एमपीएससी देऊन औषध निरीक्षक होणारे त्यातलेच.

मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांत बसून यातली बरीच पोरं दिवसभर अमेरिकेच्या एफडीएसाठी कागद तयार करत असतात. ती एफडीए एका रसायनशास्त्रज्ञाच्या हट्टातून उभी राहिली. नियमांच्या या कामात सगळ्यात खालच्या पायरीवर कोण बसणार, त्याची निवड कशी होणार, आणि त्याने खालून लिहून पाठवलेल्या शेऱ्याला वरती किती किंमत असणार, हे प्रश्न त्याच्या ऑफिसात रोजचे झाले. यातल्या शेवटच्या प्रश्नाने तर त्याची नोकरी खाल्ली.

त्याचं नाव हार्वे वॉशिंग्टन वायली.

वायलींचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ चा, इंडियाना राज्यातल्या केंट गावाजवळचा. घर लाकडी ओंडक्यांचं, वडील शेतकरी. कॉलेजात असतानाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं. वायलींनी त्यात काही महिने उत्तरेच्या बाजूने शिपाईगिरी केली, आजारी पडले आणि परत येऊन १८६७ मध्ये हॅनोव्हर कॉलेजची पदवी घेतली. मग लॅटिन आणि ग्रीक शिकवली. १८७१ मध्ये डॉक्टर झाले, पण दवाखाना थाटला नाही. हार्वर्डला जाऊन १८७३ मध्ये विज्ञानाची पदवी मिळवली आणि १८७४ मध्ये, नुकत्याच सुरू होत असलेल्या पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

म्हणजे तिशी आली तरी गडी दर दोन-तीन वर्षांनी लाईन बदलत होता. आजच्या एचआरवाल्याने हा बायोडेटा बाजूलाच ठेवला असता.

गाडी रुळावर आली ती जर्मनीत. १८७८ मध्ये वायली बर्लिनला गेले. तिथल्या सरकारी आरोग्य खात्याची स्वतःची प्रयोगशाळा होती आणि तिचं कामच होतं लोकांच्या ताटातलं अन्न तपासणं. तिथे ते पोलॅरिस्कोप नावाचं यंत्र वापरायला शिकले. साखरेच्या पाण्यातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला की तो किती वळतो, यावरून आत नक्की कोणती साखर आहे हे त्या यंत्राने कळायचं. अमेरिकेत परतल्यावर इंडियानाच्या आरोग्य मंडळाने त्यांना बाजारातला मध आणि पाक तपासायला सांगितलं. वायलींनी तपासलं तर मध म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात मक्यापासून काढलेलं स्वस्त ग्लुकोज निघालं. १८८१ मध्ये त्यांनी हे सगळं छापून टाकलं. मधवाले चिडले, ग्लुकोजवालेही चिडले. त्यांचा पुढचा सगळा जन्म याच पद्धतीने गेला.

पर्ड्यूत मात्र त्यांचं जमेना. त्याचं एक कारण ऐकून हसू येईल, ते म्हणजे सायकल. पुढे भलंमोठं चाक आणि मागे चिमुकलं चाक अशी तेव्हाची उंच सायकल त्यांनी घेतली आणि गुडघ्यापर्यंतची पँट घालून ते तिच्यावरून कॉलेजला येऊ लागले. शिवाय विद्यार्थ्यांबरोबर बेसबॉल खेळायचे. प्राध्यापकाला हे शोभतं का, यावरून विश्वस्त मंडळाने त्यांना बोलावून समज दिली. वायलींनी राजीनामा दिला, तो मंडळाने स्वीकारला नाही. पुढे विद्यापीठाच्या प्रमुखपदाची जागा रिकामी झाली तेव्हा त्यांचं नाव चर्चेत होतं. पण वय कमी, स्वभाव थट्टेखोर आणि वर अविवाहित, म्हणून ते मागे पडलं. त्याच सुमाराला वॉशिंग्टनहून निरोप आला. कृषी खात्याला मुख्य रसायनशास्त्रज्ञ हवा होता.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण साल महत्त्वाचं आहे. १८८३. तोवर अमेरिकेत सरकारी नोकरी म्हणजे वशिल्याचा बाजार होता. निवडणूक जिंकलेला पक्ष आपल्या माणसांना पदं वाटायचा. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडणाऱ्या माणसाच्या डोक्यातही, सरकारी पद आपल्याला मिळालं नाही हाच राग होता. त्यानंतर जानेवारी १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा झाला आणि खालच्या बऱ्याच सरकारी जागा परीक्षेने भरायच्या असं ठरलं. वायली त्याच वर्षी वॉशिंग्टनला रुजू झाले. ते स्वतः कुठलीही परीक्षा न देता, खात्याच्या प्रमुखाच्या पसंतीने थेट वरच्या खुर्चीवर आले. त्यांच्यानंतर त्या ऑफिसात येणाऱ्या पिढ्या मात्र परीक्षेच्या दारातून येणार होत्या.

तेव्हा रसायन विभाग म्हणजे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं. मुख्य काम साखरेचं. अमेरिकेतच ज्वारीच्या जातीच्या पिकापासून साखर निघेल का, याचे प्रयोग चालले होते. वायलींनी ते केले, पण सोबत बाजारातलं अन्न तपासायलाही सुरुवात केली. १८८७ पासून त्यांच्या विभागाचे भेसळीवरचे अहवाल एकामागून एक निघू लागले. दूध, लोणी, मसाले, दारू, साखर, चहा-कॉफी, डबाबंद भाज्या. मिरपुडीत नारळाच्या करवंटीची पूड, मटार हिरवेगार दिसावेत म्हणून त्यात मोरचूद, दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मल्डिहाइड. म्हणजे प्रेतं टिकवायला वापरतात तेच.

या काळात त्यांनी अजून एक काम केलं, ज्याची फारशी चर्चा होत नाही. १८८४ मध्ये सरकारी रसायनशास्त्रज्ञांची एक संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांत वायली होते. प्रश्न साधा होता. एकाच खताचा नमुना दोन राज्यांत तपासला तर दोन वेगळी उत्तरं यायची, मग कोर्टात कुठलं खरं धरायचं? म्हणून तपासणीची पद्धत एकच ठरवायची आणि ती लिहून काढायची. यामुळे झालं असं, की प्रयोगशाळेत काल लागलेला पोरगा आणि वीस वर्षं मुरलेला साहेब, दोघांनी एकाच पद्धतीने काम केलं तर दोघांच्या आकड्याला सारखीच किंमत येऊ लागली. ही संघटना आज एओएसी नावाने ओळखली जाते आणि भारतातल्या अन्न तपासणी प्रयोगशाळांतही तिच्या पद्धती वापरल्या जातात.

अहवाल निघत होते, कायदा काही होत नव्हता. भेसळीवर विधेयक यायचं आणि अमेरिकन संसदेत कुठेतरी अडकून मरायचं. अशी शंभरच्या आसपास विधेयकं मेली. उद्योगवाल्यांचं म्हणणं एकच होतं, की ही रसायनं वाईट आहेत याला पुरावा काय?

मग वायलींनी पुरावा तयार करायला घेतला.

१९०२ मध्ये त्यांनी संसदेकडून ५,००० डॉलर मंजूर करून घेतले. ऑफिसच्या तळघरात स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली थाटली, आचारी ठेवला आणि बारा तरुण गोळा केले. यातले बहुतेक खात्यातलेच, खालच्या जागांवर काम करणारे. पगार जेमतेम, वय विशीतलं, तब्येत ठणठणीत. त्यांना तीन वेळचं जेवण फुकट मिळणार होतं. बदल्यात काय, तर जेवणात रसायन असणार. बाहेर काहीही खायचं नाही. काही झालं तर सरकारवर दावा लावायचा नाही, तसं आधीच लिहून द्यायचं.

जेवणाआधी वजन, नाडी आणि ताप मोजायचा. मलमूत्र जमा करून प्रयोगशाळेत द्यायचं. दिवसा नोकरी करायची ती वेगळीच. आधी काही दिवस साधं जेवण, मग रसायन असलेलं, मग पुन्हा साधं, म्हणजे फरक कळावा.

सुरुवात बोरॅक्सपासून झाली. आपल्याकडे ज्याला टाकणखार म्हणतात तोच हा पदार्थ, तेव्हा मांस टिकवायला सर्रास वापरला जायचा. आधी तो लोण्यात मिसळला. पोरांना चव कळली आणि त्यांनी लोण्याला हात लावणं बंद केलं. मग दुधात घालून बघितला, मांसात घालून बघितला, तिथेही तेच. शेवटी लपवालपवी सोडून सरळ कॅप्सूल दिल्या. जेवा आणि वरून गोळी गिळा. डोकं दुखणं, पोट बिघडणं, भूक मरणं अशा तक्रारी सुरू झाल्या. पुढे सॅलिसिलिक ॲसिड, गंधकाची संयुगं, बेंझोएट, फॉर्मल्डिहाइड. काही फेऱ्यांत पोरं इतकी आजारी पडली की प्रयोग ठरल्याआधीच गुंडाळावे लागले.

वॉशिंग्टनमधल्या एका पत्रकाराने तळघरात खेपा मारून बातम्या काढल्या आणि या पोरांना विष पथक असं नाव पडलं. पेपरात रोज रंगवून छापून येऊ लागलं. नाटकमंडळींनी गाणी केली. वायलींना आधी हे आवडलं नव्हतं, पोरांना बाहेर बोलायला त्यांनी बंदी घातली. पण पन्नास पानी अहवालाने जे वीस वर्षांत झालं नव्हतं ते या गाण्यांनी केलं. घराघरांत लोक विचारायला लागले की आपल्या डब्यातल्या मांसात काय आहे. महिला मंडळांनी हा विषय उचलून धरला आणि खासदारांना पत्रांवर पत्रं गेली.

या प्रयोगांत दोषही होते. माणसं थोडी, प्रयोग लांबलचक, आणि आपण काय खातोय हे खाणाऱ्याला माहीत. आजच्या कुठल्याही नैतिकता समितीने पहिल्याच बैठकीत हा प्रस्ताव फेटाळला असता. निष्कर्षांचंही तसंच. बोरॅक्स आणि फॉर्मल्डिहाइडबद्दल वायली बरोबर निघाले. सोडियम बेंझोएट मात्र ठरावीक मर्यादेत आजही जगभर सॉस आणि सरबतांत वापरलं जातं. वायलींना मर्यादा ही भाषाच मान्य नव्हती. रसायन थोडं असो की जास्त, ते अन्नात कशाला, असा त्यांचा खाक्या होता.

१९०६ च्या सुरुवातीला अप्टन सिंक्लेअर यांची द जंगल ही कादंबरी आली. शिकागोच्या कत्तलखान्यांतली घाण वाचून अमेरिकेला मळमळलं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी जोर लावला आणि ३० जून १९०६ ला अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा सहीनिशी तयार झाला. लोकांनी त्याला वायलींचा कायदा म्हणायला सुरुवात केली. पंचवीस वर्षांचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

१ जानेवारी १९०७ पासून कायदा लागू झाला. पण कायदा राबवायचा तर माणसं हवीत, आणि या कामाची माणसं तेव्हा अस्तित्वातच नव्हती. दुकानात शिरून नमुना उचलायचा, तो सीलबंद करायचा, कारखान्यात जाऊन माल कुठून आला ते शोधायचं आणि हे सगळं उद्या कोर्टात टिकेल अशा पद्धतीने लिहून काढायचं. यासाठी वकिलाचं डोकं लागतं, थोडं रसायन लागतं आणि भरपूर पायपीट लागते. सरकारने स्पर्धा परीक्षा घेतली. त्यातून पंचवीस-तीस निरीक्षकांची पहिली तुकडी निवडली गेली.

परीक्षेत केंटकीचा एक तिशीच्या आतला वकील चमकला. नाव वॉल्टर कॅम्पबेल. वायलींनी त्याला लगेच मुख्य निरीक्षक केलं. वयाने आणि अनुभवाने मोठी माणसं हाताशी असताना परीक्षेतल्या हुशारीवर एवढं मोठं पद देणं हा जुगार होता. वायलींनी आयुष्यात केलेल्या नेमणुकांत हीच सगळ्यात लाखमोलाची ठरली.

कामाची साखळी अशी बसली. निरीक्षक नमुना आणणार, रसायनशास्त्रज्ञ तपासणार, गडबड निघाली तर कंपनीला बोलावून तिचं म्हणणं ऐकणार, आणि मग प्रकरण सरकारी वकिलाकडे. १९०८ मध्ये या साखळीने पहिला मोठा मासा पकडला. डोकेदुखीवरचं क्युअरफॉरहेडेक ब्रेनफूड नावाचं औषध विकणारा रॉबर्ट हार्पर. वॉशिंग्टनमधला बडा माणूस. त्याच्या औषधात ॲसिटॅनिलाइड होतं, जे हृदयाला धोकादायक, आणि बाटलीवर मात्र निरुपद्रवी असल्याचा दावा होता. तो दोषी ठरला. शिक्षा किती, तर ७०० डॉलर दंड. त्याने औषधातून कमावलेल्या पैशांपुढे ही रक्कम म्हणजे चिल्लर होती.

कंपन्यांमध्येही याच वर्षांत एक नवीन टेबल आलं. कायद्यात अशी सोय होती, की कंपनीने सरकारकडे आपला माल कायद्याप्रमाणे असल्याची हमी लिहून द्यायची. ती दिली की कंपनीला एक क्रमांक मिळायचा आणि तो क्रमांक लेबलवर छापता यायचा. आता हमीपत्र भरणार कोण, जुनी लेबलं काढून नवी कोण लिहिणार, दारू, अफू, कोकेन किती टक्के आहे ते बाटलीवर कोण टाकणार? कुठल्यातरी कारकुनाकडे किंवा ज्युनिअर केमिस्टकडे हे काम आलं. आजचा आरए ट्रेनी पहिल्या वर्षी जे करतो ते यापेक्षा फार वेगळं नाही. यात गंमत अशी झाली, की लेबलवरचा क्रमांक बघून गिऱ्हाइकांना वाटायला लागलं, सरकारनेच माल तपासून पास केलाय. भोंदू औषधवाल्यांनी त्याचा मनसोक्त फायदा उठवला. सरकारने पुढे ही पद्धतच बंद केली.

सगळ्या कंपन्या विरोधात होत्या असंही नाही. टोमॅटो सॉसवाल्या हाइन्झ कंपनीने बेंझोएट न घालता सॉस टिकवून दाखवला आणि ती वायलींच्या बाजूने उभी राहिली. धंद्याच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचंच होतं.

खालच्या पायऱ्या अशा बसत असताना वरच्या पायऱ्यांवर मात्र वेगळंच राजकारण शिजत होतं.

कायदा वायलींच्या विभागाकडे होता, पण विभाग कृषिमंत्र्यांच्या हाताखाली होता. मंत्री जेम्स विल्सन यांना उद्योगवाल्यांच्या तक्रारी रोज ऐकाव्या लागायच्या. १९०७ मध्येच त्यांनी वायलींना न विचारता मिशिगनमधून फ्रेडरिक डनलॅप नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ आणला आणि त्याला सहायक मुख्य रसायनशास्त्रज्ञ करून टाकलं. हा वायलींच्या ऑफिसात बसणार, पण उत्तर थेट मंत्र्यांना देणार. सोबत तीन जणांचं मंडळ नेमलं. वायली, डनलॅप आणि खात्याचे वकील जॉर्ज मॅककेब. खटला भरायचा की नाही याचा निकाल आता हे मंडळ देणार. मतदान व्हायचं आणि निकाल लागायचा दोन विरुद्ध एक. वायली एकटे पडायचे. निरीक्षकाने नमुना आणला, केमिस्टने दोष काढला, मुख्य रसायनशास्त्रज्ञाने सही केली आणि तरीही फाईल तिथेच बसली, असं पुन्हा पुन्हा घडू लागलं.

त्यात वायलींनी स्वतःच्या पायावर एक धोंडाही मारून घेतला. १९०८ च्या सुरुवातीला रूझवेल्ट यांच्यासमोर काही कारखानदार रसायनांवरच्या बंदीची तक्रार घेऊन आले होते. बेंझोएटवर राष्ट्राध्यक्ष वायलींच्याच बाजूने झुकले होते. मग विषय सॅकरिनवर आला. वायलींना राहवलं नाही, ते मध्येच बोलले की ते आरोग्याला घातक आहे. पण रूझवेल्ट यांना त्यांच्या डॉक्टरांनी रोज सॅकरिनच दिलं होतं! राष्ट्राध्यक्ष भडकले आणि सॅकरिनला वाईट म्हणणारा माणूस मूर्ख आहे असं त्यांनी तोंडावर सुनावलं. लगेच वायलींच्या निष्कर्षांवर निकाल द्यायला बाहेरच्या शास्त्रज्ञांचं मंडळ नेमलं गेलं. त्याचे प्रमुख होते आयरा रेमसन, ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरिनचा शोध लागला होता. या मंडळाने बेंझोएट थोड्या प्रमाणात चालेल असं सांगितलं. म्हणजे वायलींच्या डोक्यावर एक मजला आधी चढला होताच, आता दुसराही चढला.

१९०९ मध्ये सरकारने चॅटनूगा शहरात कोका-कोलाची ४० मोठी आणि २० छोटी पिंपं जप्त केली. मुद्दा कॅफीनचा होता. लहान पोरंही हे पेय पितात आणि आत काय आहे ते त्यांना माहीत नसतं, असं वायलींचं म्हणणं. १९११ मध्ये खटला उभा राहिला आणि तिथे कंपनी जिंकली. १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि शेवटी कंपनीने कॅफीन कमी करून तडजोड केली. तोवर वायली सरकारात राहिलेले नव्हते.

त्यांना बाहेर काढायचा डाव रचला गेला तो एका पगारपत्रकावरून. न्यूयॉर्क बंदरात परदेशातून येणारी कच्ची औषधं तपासायला तज्ज्ञ हवा होता. वायलींच्या विभागाने प्राध्यापक हेन्री रस्बी यांना घेतलं. सरकारी नियमाप्रमाणे अशा माणसाला दिवसाला ९ डॉलरपेक्षा जास्त देता येत नव्हते. एवढ्या पैशांत तसा माणूस येणं शक्य नव्हतं. मग वार्षिक पगार १,६०० डॉलर दाखवून कामाचे दिवसच कमी ठेवायचे असं ठरलं. हिशेब केला तर दिवसाला साधारण २० डॉलर पडत होते. ग्रेडच्या नियमातून काढलेली ही पळवाट होती, यात शंका नाही. सरकारी ऑफिसात काम केलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल.

मॅककेब यांनी ती पकडली. वायलींना राजीनामा द्यायला सांगावं अशी शिफारस वर गेली आणि देशाच्या महाधिवक्त्यांनीही तिला मान डोलावली. १९११ च्या उन्हाळ्यात ही बातमी फुटली आणि बूमरँग झालं. पेपर, महिला मंडळं, डॉक्टर, सगळे वायलींच्या मागे उभे राहिले. संसदेच्या समितीने चौकशी लावली. तिच्यासमोर रस्बींचा पगार बाजूला राहिला आणि खात्यात वायलींचे निर्णय कसे दाबले जात होते तेच बाहेर येत गेलं. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी वायलींना दोषमुक्त केलं.

जिंकले, पण वरची माणसं जवळपास तीच राहिली. १५ मार्च १९१२ ला वायलींनी राजीनामा दिला. २९ वर्षांची नोकरी. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांचा विभाग तोवर काही शेंवर गेला होता. त्यांच्या जाण्याने ऑफिसातल्या बायका रडल्या अशा बातम्या तेव्हाच्या पेपरांनी छापल्या.

वायलींचं लग्न याच धामधुमीत, फेब्रुवारी १९११ मध्ये झालं. वय ६६. बायको ॲना केल्टन त्यांच्याहून ३३ वर्षांनी लहान. ती पूर्वी त्यांच्याच खात्यात कारकून होती. वायलींनी तेव्हा मागणी घातली होती, तिने नाही म्हटलं आणि ती संसदेच्या ग्रंथालयात नोकरीला गेली. दहा वर्षांनी पुन्हा भेट झाली तेव्हा हो म्हणाली. पुढे ती बायकांच्या मताधिकारासाठी लढली आणि त्यासाठी जेलमध्येही जाऊन आली. त्यांना दोन मुलं झाली.

सरकार सोडल्यावर वायली गुड हाउसकीपिंग मासिकाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. पगार सरकारपेक्षा कितीतरी जास्त, आणि वर मत द्यायला मंडळ नाही. ते बाजारातला माल तपासायचे आणि बरा-वाईट निकाल छापायचे. जवळपास अठरा वर्षं त्यांनी हे केलं. पण जुनी जखम भरली नाही. १९२९ मध्ये, ८४ व्या वर्षी, आपल्या कायद्याचा गळा कसा घोटला गेला यावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात राग ओतप्रोत आहे, आणि आपलंही कुठे चुकलं असेल याचा मागमूस फारसा नाही.

आणि कॅम्पबेल? परीक्षा देऊन पहिल्या पायरीवर आलेला तो वकील तिथेच राहिला. मुख्य निरीक्षक, मग विभागीय प्रमुख, मग सगळ्या अंमलबजावणीचा प्रमुख. वायलींचा आवाज मोठा, याचा खालचा. वायली भाषणं करायचे, हा वेळापत्रकं करायचा. कुठल्या जिल्ह्यात कुठल्या मालाचे नमुने कधी उचलायचे याची शिस्त त्याने बसवली.

१९३७ मध्ये एलिक्झिर सल्फानिलामाइड नावाच्या औषधाने अमेरिकेत शंभरावर लोक मेले. त्यात बरीच लहान मुलं होती. औषध विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य वापरलं होतं. (याच द्रव्याने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला.) १९०६ च्या कायद्यात औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवायची सक्तीच नव्हती. कारवाई करायला एकच आधार सापडला, की एलिक्झिर म्हटलं म्हणजे आत अल्कोहोल हवं आणि यात ते नाही, म्हणजे लेबल खोटं. तेवढ्या धाग्यावर कॅम्पबेल यांनी आपले निरीक्षक आणि केमिस्ट देशभर पळवले. त्यांनी दुकानांची बिलं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तपासत एकेक बाटली शोधून काढली. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, नवा कायदा झाला. नवीन औषध बाजारात आणण्याआधी त्याच्या सुरक्षिततेचे कागद सरकारला द्यायचे, ही अट त्यातून आली. आरएमधली पोरं आज जे कागद जुळवतात त्यांची सुरुवात तिथली. कॅम्पबेल १९४४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ते एफडीएचे कमिशनर होते.

हे बघायला वायली नव्हते. ३० जून १९३० ला वॉशिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं. कायद्यावर रूझवेल्ट यांची सही झाली होती त्याला त्या दिवशी बरोबर २४ वर्षं पूर्ण होत होती. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना पुरलं आणि थडग्यावर त्यांना त्या कायद्याचा जनक म्हटलं गेलं. त्यांच्या जुन्या विभागातून वेगळ्या निघालेल्या ऑफिसला फूड अँड ड्रग ॲडमिनिस्ट्रेशन हे आजचं नाव त्याच वर्षी मिळालं. त्याच्या प्रमुखाच्या खुर्चीत तेव्हा वॉल्टर कॅम्पबेल बसलेले होते.